थंडीचे दिवस आणि उबेचा हक्क



सूरह अन्-नहलच्या पाचव्या आयतीत अल्लाह तआलाने जनावरांच्या निर्मितीचा उपकार सांगितला आहे. त्या आयतीतील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. जनावरांपासून माणसाला ऊब मिळते हे प्रथम सांगितले, इतर लाभ त्यानंतर, आणि त्यांच्यापासून मिळणारे अन्न सर्वांत शेवटी. या उबेसाठी 'दिफ्अ' हा शब्द आला आहे. लोकर, केस आणि कातडी यांपासून होणारी वस्त्रे व पांघरुणे मुफस्सिरांनी त्यात मोजली आहेत. याच सूरहच्या ऐंशीव्या आयतीत घराचा विसावा, कातड्याचे हलके तंबू आणि लोकरीचे सामान यांचा उल्लेख पुन्हा येतो. केवळ क्रमावरून कोणताही हुकूम काढता येत नाही. तथापि एवढे निश्चित कळते की अल्लाहने ज्या देणग्यांची आठवण करून दिली, त्यांत ऊब ही अन्नाबरोबरच स्वतंत्रपणे मोजली गेली आहे. ती चैनीची वस्तू नव्हे.

आपल्या दानधर्माकडे या दृष्टीने पाहावे. भुकेल्याला जेवू घालणे आपल्याला लगेच सुचते. रमजानमध्ये राशनचे किट वाटले जातात, ईदुल अज्हाला घरोघरी गोश्त पोहोचते, मयतीच्या घरी शेजारी जेवण नेतात. ऊब मात्र आपल्या हिशेबात एका ब्लँकेटपुरतीच येते. डिसेंबरमध्ये ब्लँकेटे वाटून झाली, फोटो निघाले, की हिवाळ्याचे कर्तव्य संपले असा समज रूढ झाला आहे. ब्लँकेट देणे हे पुण्याचे काम आहेच. परंतु ज्या घराचे लाइट बिल थकल्यामुळे वीज तोडली गेली आहे, किंवा ज्या घरातील सिलिंडर रिकामे होऊन दोन महिने झाले आहेत, त्या घराला एकाच हिवाळ्यात तिसरे ब्लँकेट मिळून काय उपयोग?

प्रस्तुत लेखात एवढेच मांडायचे आहे की गरीब घराचे इंधन आणि वीज ही त्याची मूलभूत गरज आहे, ती भागवणे हे जकात व सदक्याचे रास्त क्षेत्र आहे, आणि ते कसे करावे याचे नियम शरीअतने आपल्याला दिलेले आहेत.

आपल्या जिल्ह्याचा हिवाळा

बुलढाणा जिल्ह्याचे आपण घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग मानतो. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकरचा पठारी मुलूख. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव. आणि उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हाने हा प्रदेश ओळखला जातो, म्हणून येथील थंडीकडे कोणी फारशा गांभीर्याने पाहत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून वारे सुटले की पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. काश्मीरच्या तुलनेत हा आकडा किरकोळ वाटेल. मात्र थंड प्रदेशातील घर थंडी गृहीत धरून बांधलेले असते, घरात कांगडी असते, अंगावर फेरन असतो. आपल्याकडील मजुराचे घर म्हणजे वर टिन, कुडाच्या किंवा अर्ध्या कच्च्या भिंती आणि खाली मातीची जमीन. टिन दिवसा तापते आणि रात्री बाहेरच्या हवेइतकेच गार होते.

त्यातही थंडी सर्वांना सारखी लागत नाही. ज्याला पहाटे कापूस वेचायला निघायचे आहे, ज्याच्या वाट्याला शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते आणि ज्याला गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी मध्यरात्री चिखलात उभे राहावे लागते, जो वीटभट्टीवर पाल ठोकून राहतो, त्याची थंडी वेगळी. ज्या घरातील तरुण माणसे ऊसतोडीला किंवा भट्टीवर गेली आहेत आणि मागे दम्याचा त्रास असलेले म्हातारे आई-वडील उरले आहेत, त्या घराची थंडी आणखी वेगळी.

पूर्वी अशा घरांना पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्या यांचा आधार असे. शेतमालकाने सांगितले की मजूर पऱ्हाटीचे भारे बांधून नेत असे. आता अनेक शेतांत पऱ्हाटी यंत्राने जागेवरच बारीक केली जाते. जमिनीसाठी ते चांगलेच आहे. पण ज्याला जमीन नाही त्याचे सरपण त्यामुळे कमी झाले, हेही खरे. ज्याच्याकडे ना शेत ना जनावर, त्याला आता इंधन पैसे मोजूनच घ्यावे लागते.

धान्य आहे, इंधन नाही

जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिकांवर धान्य मोफत मिळते. ही मोठी सोय आहे. परंतु गहू आणि तांदूळ कच्चे खाता येत नाहीत. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरात गॅसची शेगडी पोहोचवली. पुढचा प्रश्न सिलिंडर पुन्हा भरून आणण्याचा होता. सरकारी आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये उज्ज्वलाच्या लाभार्थ्यांनी वर्षाला सरासरी चारपेक्षाही कमी सिलिंडर घेतले. म्हणूनच मे २०२२ मध्ये प्रत्येक सिलिंडरमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान देण्याचे ठरले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतून पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत भरून देण्याची घोषणा केली. शासनालाही हे मान्य आहे की धान्य दिल्याने चूल आपोआप पेटत नाही.

विजेचा हिशेब याहून नाजूक आहे. पाणी तापवण्याचा दीड हजार वॅटचा साधा रॉड रोज अर्धा तास लावला तर पाऊण युनिट वीज जळते, म्हणजे महिन्याला साडेबावीस युनिट. एरवी नव्वद युनिट वापरणारे घर हिवाळ्यात एकशे बारा युनिटांवर जाते. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि त्यापुढील युनिटांचा बराच अधिक असतो. म्हणून बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला गरम पाणी दिले, एवढ्याच कारणाने बिल वाढते. दोन बिले थकली की तिसऱ्याची रक्कम पाहूनच माणूस हात टेकतो.

थंड देशांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. अमेरिकेत १९८१ पासून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना घर उबदार ठेवण्याच्या खर्चासाठी केंद्रीय मदत दिली जाते. ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये वृद्धांसाठी हिवाळी इंधनाची रक्कम सुरू झाली. आपल्याकडे हा भार मुख्यतः त्या कुटुंबावर आणि त्याच्या शेजारावर पडतो. शेजाराच्या बाबतीत मात्र आपल्या दीनची शिकवण अगदी स्पष्ट आहे.

आग कोणाची?

सूरह अल्-वाकिआमध्ये अल्लाह तआला विचारतो की तुम्ही जी आग पेटवता तिचे झाड तुम्ही निर्माण केले की आम्ही? आणि पुढे सांगतो की ती आग स्मरणासाठी आणि रानावनातील मुसाफिरांच्या उपयोगासाठी आहे. काही मुफस्सिरांनी त्या शब्दाचा अर्थ भुकेले असाही घेतला आहे. म्हणजे आगीवर प्रथम दृष्टी जाते ती निराधाराची.

अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत प्रेषित मुहम्मद (स.) यांचे प्रसिद्ध वचन आहे. त्याचा आशय असा की पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत लोक परस्परांचे भागीदार आहेत. फुकहांनी याचा खुलासा केला आहे. एखाद्याने स्वतःचे सरपण जाळून शेकोटी केली असेल तर ते सरपण आणि निखारे त्याच्या मालकीचे. पण त्या आगीजवळ बसून शेकण्यास, तिच्या उजेडात काम करण्यास, तिच्यावरून आपला दिवा पेटवण्यास तो कोणालाही मनाई करू शकत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आगीत सर्व भागीदार आहेत म्हणून तारेवर आकडा टाकून वीज घेणे चालेल, असे काही जण बोलून दाखवतात. तसे मुळीच नाही. निर्माण केलेली आणि तारेतून आणलेली वीज ही मालकीची वस्तू आहे. ती न सांगता घेणे ही चोरी होय, आणि त्यात जिवाचाही धोका आहे. गरिबाला आकडा टाकावा लागू नये याची काळजी घेणे, ही त्या हदीसवर खऱ्या अर्थाने अंमल करण्याची रीत आहे.

सूरह अल्-माऊन आपण नमाजमध्ये वरचेवर पठण करतो. नमाजी असूनही 'माऊन' रोखून धरणाऱ्यांचा धिक्कार त्यात आहे. माऊन म्हणजे काय? काही सहाबांनी त्याचा अर्थ जकात असा सांगितला, तर काहींनी शेजारी एकमेकांकडे मागतात त्या वस्तू: भांडे, कुऱ्हाड, बादली. मुफस्सिरांनी त्यांत मीठ, पाणी आणि आगही मोजली आहे. दोन्ही अर्थ घेतले तरी आपला विषय त्यात येतोच. शेजाऱ्याच्या चुलीतील आग आणि आपल्या कपाटातील जकात, दोन्ही रोखून धरायच्या नाहीत.

हजरत उमर (रजि.) यांची एक रात्र

हजरत उमर (रजि.) आपला सेवक अस्लम याच्यासह रात्री मदीनेबाहेर हर्राच्या खडकाळ भागात फिरत असता दूरवर आग दिसली. रात्र आणि थंडी यांमुळे कोणी मुसाफिर अडकले असावेत, असे त्यांनी ओळखले. जवळ गेल्यावर त्यांनी 'उजेडवाल्यांनो' अशा आशयाची हाक मारून सलाम केला. 'आगवाल्यांनो' म्हणणे त्यांनी टाळले, कारण अरबीत तो शब्द जहन्नमवासीयांसाठी वापरला जातो. गरजवंताशी बोलताना शब्दाचीही किती काळजी घ्यावी, हे येथे दिसते.

तेथे एक स्त्री आणि भुकेने रडणारी तिची मुले होती. मुलांची समजूत काढण्यासाठी चुलीवर नुसते पाणी ठेवलेले होते. पुढील हकीकत आपल्याला ठाऊक आहे. हजरत उमर (रजि.) यांनी पिठाचे पोते आणि चरबी बैतुलमालमधून स्वतःच्या पाठीवर आणली आणि अस्लमला ते ओझे उचलू दिले नाही. आपण ही घटना सांगताना बहुधा पोत्यापाशी थांबतो. पण खलीफा पोते ठेवून परतले नाहीत. ते चुलीपुढे वाकले, आग फुंकू लागले, धूर त्यांच्या दाढीतून जाताना अस्लमने पाहिला. अन्न शिजले, मुले जेवली, हसू-खेळू लागली आणि झोपी गेली. मगच ते उठले.

आपल्या राशन किटची परीक्षा या घटनेने होते. पीठ पोहोचवणे हे अर्धे काम झाले. चूल पेटली की नाही हे पाहणे, हे उरलेले अर्धे.

जकातीतून लाइट बिल भरावे काय?

हिवाळा आला की मशिदीत हा प्रश्न नेहमी विचारला जातो. हनफी फिक्हनुसार त्याचे उत्तर पुढीलप्रमाणे आहे. शाफई मसलकाच्या बांधवांनी आपल्या उलेमांना विचारून घ्यावे.

सूरह अत्-तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. फकीर, मिस्कीन आणि कर्जात बुडालेला हे त्यांतील आहेत. ज्याच्याकडे मूलभूत गरजा आणि देणी वगळून साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता उरत नाही, तो जकात घेऊ शकतो. देण्यांत थकलेले बिलही मोजले जाते.

पहिला मसअला. जकात अदा होण्यासाठी 'तमलीक', म्हणजे हक्कदाराला मालक बनवणे, आवश्यक आहे. म्हणून सर्वांत सरळ मार्ग हा की रक्कम त्याच्या हातात द्यावी. तो बिल भरील, सिलिंडर आणील किंवा औषध घेईल. त्या पैशाचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याचा. या नियमात गरिबाचा मोठा सन्मान आहे. त्याची गरज त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते, हे शरीअतने मानले आहे.

दुसरा मसअला. कोणाला न विचारता आपण परस्पर मोबाइलवरून त्याचे बिल भरून टाकले तर सदक्याचे पुण्य मिळेल, पण जकात अदा होणार नाही. मात्र त्या गरिबाने आधी सांगितले असेल की माझ्या वतीने बिल भरा, तर आपण त्याचे प्रतिनिधी झालो आणि जकात अदा झाली. अनुमती आधी हवी, भरणा नंतर. फरक एका वाक्याचा आहे. तेवढे वाक्य बोलून घ्यावे.

तिसरा मसअला. भाडेकरूच्या घराचे मीटर बहुधा मालकाच्या नावावर असते. मालक साहिबे निसाब असेल तर त्याच्या नावाचे बिल जकातीतून थेट भरू नये. भाडेकरूला रक्कम द्यावी आणि त्याने आपला वाटा चुकवावा.

चौथा मसअला. घरमालकाने किंवा दुकानदाराने गरिबाकडील थकबाकी माफ करून तीच आपली जकात धरली तर ती अदा होत नाही. त्याने आधी जकातीची रक्कम गरिबाच्या हातात द्यावी. मग गरिबाने आपल्या मर्जीने त्या रकमेतून देणे फेडावे. आणि तेवढेही शक्य नसेल, तर अडचणीतील ऋणकोला सवड देण्याचा आदेश सूरह अल्-बकराच्या दोनशे ऐंशीव्या आयतीत आहेच.

पाचवा मसअला. मशिदीचे बिल, वुजूच्या पाण्याचा गीझर, चौकातील सार्वजनिक शेकोटीचे सरपण, किंवा हिवाळ्यानंतर परत घ्यायची ब्लँकेटे यांवर जकात खर्च करता येत नाही, कारण तेथे कोणी हक्कदार मालक होत नाही. ही कामे लिल्लाह रकमेतून, म्हणजे ऐच्छिक सदक्यातून करावीत.

सहावा मसअला. ही जकात आहे, असे घेणाऱ्याला सांगणे आवश्यक नाही. देणाऱ्याची नियत पुरेशी आहे. मुलांसाठी भेट म्हणून दिली तरी ती अदा होते. ज्या घराला जकातीचे नाव ऐकून संकोच वाटेल, तेथे हा मसअला उपयोगी पडतो.

थंडी रमजानची वाट पाहत नाही

आपल्याकडील बहुतेक जकात रमजानमध्ये निघते. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. तोपर्यंत थंडी ओसरू लागलेली असते आणि ज्या घराची वीज तोडायची ती डिसेंबरमध्येच तोडली गेलेली असते.

हजरत अब्बास (रजि.) यांनी मुदतीपूर्वी जकात देण्याची परवानगी मागितली आणि प्रेषित (स.) यांनी ती दिली, असे हजरत अली (रजि.) यांच्या कथनात आले आहे. यावरून फुकहांनी ठरवले की जो साहिबे निसाब आहे, त्याने वर्ष पूर्ण होण्याआधीही जकात द्यावी तर ती अदा होते. तेव्हा आपल्या अंदाजित जकातीचा काही भाग नोव्हेंबरमध्येच काढून ठेवावा आणि रमजानमध्ये हिशेब करताना तो वजा करावा. जकातीच्या रकमेत एक रुपयाही न वाढवता केवळ वेळ बदलल्याने किती चुली पेटत्या राहतील, याचा विचार व्हावा.

शेजारी म्हणजे केवळ आपला माणूस नव्हे

सय्यद घराण्यातील गरिबांना जकात देता येत नाही. त्यांना अदबीने हदिया द्यावा. बिगरमुस्लिम शेजाऱ्यालाही जकात देता येत नाही, पण ऐच्छिक सदका देता येतो आणि द्यावाही. ज्यांनी तुमच्याशी दीनवरून युद्ध केले नाही त्यांच्याशी भलाईने वागण्यास अल्लाह मनाई करत नाही, असे सूरह अल्-मुम्तहिनाच्या आठव्या आयतीत स्पष्ट आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा, यहुदी शेजाऱ्याला वाटा पोहोचवला की नाही, हे त्यांनी पुन्हा विचारले होते. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू आणि भिल्ल बांधवांची घरे आहेत, गावकुसाला भटक्यांची पाले आहेत. थंडी त्यांना धर्म विचारून लागत नाही. म्हणून मोहल्ल्याने दोन पेट्या ठेवाव्यात: जकातीची वेगळी, सदक्याची वेगळी. हिशेब वेगळे ठेवले की दोन्ही हक्क सुरक्षित राहतात.

मोहल्ल्याने काय करावे?

प्रथम, मागणाऱ्याची वाट पाहू नये. सूरह अल्-बकराच्या दोनशे त्र्याहत्तराव्या आयतीत अशा गरजवंतांचा उल्लेख आहे, जे हात पसरत नाहीत आणि म्हणून अनोळखी माणसाला ते सुखवस्तू वाटतात. त्यांना चेहऱ्यावरील खुणांनी ओळखावे लागते. आजच्या काळात या खुणा म्हणजे संध्याकाळी अंधारात असलेले घर, शेगडी असूनही अंगणात मांडलेली तीन दगडांची चूल, पहाटे गार पाण्याने नहाणारी मुले. या गोष्टी पुरुषांपेक्षा स्त्रियांना आधी कळतात. म्हणून यादी करण्याचे काम मोहल्ल्यातील दोन-तीन समंजस भगिनींकडे द्यावे आणि ती यादी कोणत्याही फलकावर लागू नये.

दुसरे, शासनाकडून जे मिळायचे ते आधी मिळवून द्यावे. अनेक घरांचे अनुदान आधार क्रमांक बँक खात्याला न जोडल्यामुळे किंवा ई-केवायसी न झाल्यामुळे अडकलेले असते. ज्याला एखादे काम जमत नाही त्याचे काम करून देणे हाही सदका आहे, हे हजरत अबूजर (रजि.) यांच्या हदीसमध्ये आले आहे. आपल्या शिकलेल्या तरुणांचा एक रविवार यासाठी पुरेसा आहे.

तिसरे, वीज तुटण्याआधी धावून जावे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी ग्राहकाला पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे पंधरा दिवस मदतीचे दिवस होत. नोटीस आल्यास मशिदीत कळवावे, एवढे लोकांना ठाऊक असले तरी पुष्कळ. रक्कम मोठी असेल तर हप्ते पाडून मिळण्यासाठी अर्ज करून द्यावा. पुन्हा जोडणीचा खर्च आणि हेलपाटे त्याने वाचतात.

चौथे, जिवाला जपण्यास सांगावे. इंधन नसलेले घर नाइलाजाने दार-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी पेटवते. बंद खोलीतील निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपेतच माणूस दगावतो. मदीनेत एक घर रात्री माणसांसह जळाले तेव्हा प्रेषित (स.) यांनी आगीला माणसाचा शत्रू म्हटले आणि झोपण्यापूर्वी ती विझवण्याचा आदेश दिला. बुखारी व मुस्लिममधील ही हदीस जुम्याच्या बयानात डिसेंबर महिन्यात एकदा तरी सांगितली जावी.

पाचवे, देताना फोटो काढू नये. सदका गुप्तपणे गरिबांना देणे अधिक चांगले, असे सूरह अल्-बकराच्या दोनशे एकाहत्तराव्या आयतीत आहे. आणि उपकार बोलून दाखवल्याने व मन दुखावल्याने सदका वाया जातो, असा इशारा दोनशे चौसष्टाव्या आयतीत आहे. ज्या मुलाच्या हाती दिलेल्या ब्लँकेटचा फोटो गावभर फिरला, तो मुलगा ते पांघरताना काय अनुभवेल?

मशिदीतील गरम पाणी आणि आपण

जातुस्सलासिलच्या मोहिमेत अतिशय थंड रात्री हजरत अम्र बिन आस (रजि.) यांना गुस्लची गरज पडली. पाण्याने जीव जाईल या भीतीने त्यांनी तयम्मुम करून नमाज पढविली. प्रेषित (स.) यांनी विचारणा केली तेव्हा त्यांनी, स्वतःचे प्राण घेऊ नका, या अर्थाची कुरआनची आज्ञा निवेदन केली. त्यावर प्रेषित (स.) हसले आणि काही बोलले नाहीत. थंडीने होणारा अपाय ही शरीअतच्या दृष्टीने इतकी खरी गोष्ट आहे की तिच्यासाठी पाण्याऐवजी मातीची मुभा मिळते. मग तीच थंडी शेजाऱ्याच्या बाबतीत आपण किरकोळ कशी मानावी?

आज आपल्या पुष्कळ मशिदींत फज्रच्या वुजूला गरम पाणी असते. अल्लाहचा तो उपकार आहे. त्या पाण्याने हात धुताना मशिदीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात पाणी कशावर तापत असेल, एवढा विचार मनात यावा.

सहीह मुस्लिममध्ये हजरत जरीर (रजि.) यांनी सांगितलेली घटना आहे. मुदर कबिल्याचे लोक फाटक्या लोकरी चादरी मध्ये भोक पाडून गळ्यात अडकवलेल्या स्थितीत मदीनेत आले. त्यांचे हाल पाहून प्रेषित (स.) यांच्या चेहऱ्याचा रंग पालटला. नमाजनंतर त्यांनी लोकांना सदक्याचे आवाहन केले. एक अन्सारी इतकी जड थैली घेऊन आले की ती त्यांच्या हाताला पेलवेना, पाहता पाहता अन्नाचे आणि कपड्यांचे दोन ढीग उभे राहिले आणि प्रेषित (स.) यांचा चेहरा उजळला. याच प्रसंगी त्यांनी शिकवले की जो एखादी चांगली रीत सुरू करतो, त्याला तिचे आणि तिच्यावर पुढे चालणाऱ्या सर्वांचे पुण्य मिळते.

वाचकहो, आपल्या मोहल्ल्यात थंडीपूर्वी बिल आणि सिलिंडर पाहण्याची रीत अद्याप नसेल, तर ती सुरू करण्याचे पुण्य अजून कोणी घेतलेले नाही. या महिन्यात एका घरापासून प्रारंभ करावा.

अल्लाह तआला आपल्या सर्वांना शेजाऱ्याचा हक्क ओळखण्याची आणि तो वेळेवर अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.